गर्दीच्या दृश्यात नव्याने उभे राहणाऱ्यांसाठी
गोरेगावच्या चित्रनगरीत हॉटेलच्या एखाद्या दृश्यात ज्युनिअर आर्टिस्ट, म्हणजे गर्दीतले कलाकार, म्हणून उभे राहाल, तेव्हा ‘ॲक्शन’नंतर ओठ हलवायचे, पण आवाज मुळीच काढायचा नाही, हे ध्यानात ठेवा, कारण मुख्य कलाकारांचे संवाद अनेकदा त्याच वेळी ध्वनिमुद्रित होत असतात आणि हॉटेलातील गजबज नंतर स्वतंत्रपणे मिसळली जाते. पासिंग देताना, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून चालत जाताना, संवादातल्या कोणत्या शब्दावर निघालात, पेला कोणत्या हातात होता, हे प्रत्येक टेकला, म्हणजे तेच दृश्य पुन्हा चित्रित होताना दर वेळी, तसेच राहिले पाहिजे, नाहीतर संकलनात दोन शॉट जुळत नाहीत. साहाय्यक दिग्दर्शक रागावतात ते यामुळेच, आणि ते रास्तच आहे. कॅमेऱ्याकडे पाहू नका. सोबत्याशी मनात खरेखुरे वाक्य धरून बोला, म्हणजे चेहरा कोरा दिसत नाही. मानधनाची रक्कम व ती मिळण्याची तारीख मात्र को-ऑर्डिनेटरला, म्हणजे तुम्हाला काम मिळवून देणाऱ्याला, आधीच विचारून घ्या.