कात्रीची चित्रं आणि पावसाळा

प्रश्न : वय ७१. आयुष्यभर चित्रं आणि मातीकाम केलं, आता गुडघ्यांमुळे ईझलपुढे उभं राहवत नाही. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसने उतारवयात कात्रीने रंगीत कागद कापून चित्रं केली, तसं करून पाहतोय. पण कागद गुंडाळतो आणि कापताना रंगाचे पापुद्रे निघतात. शिवाय मित्र म्हणतात, हा नाइलाजाचा उद्योग!
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मित्रांचं अर्धंच खरं. १९४१च्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मातिस बराच काळ खाटेवर किंवा चाकाच्या खुर्चीत असे, हे खरं. पण १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन कलासंग्राहक बार्न्ससाठी भित्तिचित्र करतानाच तो रंगीत कागद कापून, टाचण्यांनी लावून रचना हलवत होता. रंगात थेट कापणं त्याला शिल्पकाराच्या कोरण्यासारखं वाटे. १९५२ची निळी नग्नचित्रं नीट पाहा : मांडी आणि दंड यांच्यामध्ये सोडलेली पांढरी फट सांध्याला खोली देते. मातीकाम केलेल्या हाताला ही फट लगेच कळते.

आता कागद. रंगाची बाजू वाळताना आकसते आणि कागद तिकडे ओढला जातो. म्हणून १८०–२०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे जाडसर चित्रकलेचा कागद घ्या आणि रंग लावण्याआधी मागून ओलसर स्पंज फिरवा. पोस्टर कलर तीन भाग, पाणी एक भाग, दोन इंची सपाट ब्रश. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. हाताला कोरडा लागला की वर्तमानपत्रात घालून रात्रभर पाटाखाली दाबा.

पापुद्रे निघतात ते जाड थरामुळे. दोन पातळ हात पुरतात. लवचिकतेसाठी ग्लिसरीन घालायचा सल्ला सर्रास मिळतो, पण ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या जुलैत कागद एकमेकांना चिकटून बसतील.

लांब पात्याची कात्री घ्या. ती जवळपास जागेवर ठेवून डाव्या हाताने कागद फिरवा, पातं टोकापर्यंत मिटू नका. मिटलं की कडेला दाता पडतो.

चिकटवायची घाई नको. मातिसचे तुकडे कितीतरी दिवस टाचण्यांवरच असत, मदतनीस त्याच्या सांगण्यावरून ते हलवत. जागा पक्की झाली की पेन्सिलीने खूण करून, मागे ठिपक्या-ठिपक्यांनी गोंद लावा. सगळीकडे फासलात तर सुरकुत्या येणारच. फ्लुरोसंट गुलाबी-केशरी मात्र टाळा, उजेडात ते फार लवकर विटतात.