वाचकांचे प्रश्न : यंत्रसामग्रीची छायाचित्रे आणि देखभालीचे निर्णय

प्रश्न : आमच्या रासायनिक प्रकल्पात प्रत्येक शटडाउनच्या, म्हणजे देखभालीसाठी प्रकल्प बंद ठेवण्याच्या, वेळी हजारो छायाचित्रे काढली जातात, शिवाय ड्रोनने चित्रीकरणही होते. हे सारे सर्व्हरवर तारखेनुसार साठवलेले आहे. परंतु एखाद्या टाकीचे जुने छायाचित्र हवे असले की ते सापडत नाही, आणि सापडले तरी नव्याशी ताडून पाहता येत नाही. त्यासाठी एखादे सॉफ्टवेअर घ्यावे का? – देखभाल विभागातील अभियंता

उत्तर : सॉफ्टवेअर जरूर घ्यावे, पण आत्ताच नव्हे. आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत. छायाचित्र सापडत नाही ही नोंदीची अडचण झाली आणि ती सॉफ्टवेअरने सुटू शकते. सापडलेले ताडून पाहता येत नाही, ही मात्र छायाचित्र काढण्याच्या पद्धतीतली उणीव आहे आणि ती जागेवरच दूर करावी लागते.

प्रथम नोंदीविषयी. प्रत्येक छायाचित्र उपकरणाच्या टॅग नंबरशी, म्हणजे त्याला दिलेल्या ओळख क्रमांकाशी, जोडलेले असावे, आणि तो नंबर वर्क ऑर्डरवर व आराखड्यावर जसा असतो तसाच, मधल्या रेघेसकट, लिहिलेला असावा. अन्यथा एकाच पंपाच्या तीन नावांनी तीन नोंदी तयार होतात. त्याबरोबर उपकरणाचा नेमका भाग, तारीख, वेळ आणि त्या वेळची अवस्था लिहावी : यंत्र चालू होते की बंद, पृष्ठभाग धुण्याआधीचे छायाचित्र आहे की नंतरचे. अवस्थेची ही नोंद बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि मग धुतल्यामुळे उघडा पडलेला गंज हा नव्याने वाढलेला गंज समजला जातो. सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे सारखी लावलेली आहेत ना, तेही कामाच्या सुरुवातीलाच पाहून घ्यावे.

आता ताडून पाहण्याविषयी. टाकीच्या तळाजवळच्या नोझलची (पाइप जोडण्याच्या तोंडाची) फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची कडी, घेऊ. एका वर्षी तिचे छायाचित्र बाजूने येणाऱ्या तिरप्या प्रकाशात काढले, तर गंजाने पडलेल्या प्रत्येक खड्ड्याच्या काठाची सावली आत पडते आणि खोली जाणवते. पुढच्या वर्षी त्याच फ्लँजवर समोरून फ्लॅश मारला, तर सावल्या पुसल्या जातात आणि तेच खड्डे सपाट तपकिरी डागांसारखे दिसतात. दोन्ही छायाचित्रे खरीच असतात, परंतु गंज वाढला की थांबला हे त्यांवरून कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक भागासाठी उभे राहण्याची जागा, अंतर, लेन्स आणि प्रकाशाची दिशा ठरवून टाकावी, शक्य तेथे जमिनीवर रंगाची खूण करावी आणि चौकटीत मोजपट्टी ठेवावी. जवळून करायच्या दृश्य तपासणीसाठी ईएन १३०१८ हे युरोपीय मानक ६०० मिलिमीटरपर्यंतचे अंतर, पृष्ठभागाशी किमान ३० अंशांचा कोन आणि किमान ५०० लक्स प्रकाश सांगते. कॅमेऱ्यासाठीही ही अट सुरुवातीला पुरेशी मार्गदर्शक ठरते.

सुरुवात मोजक्या उपकरणांपासून करावी : ज्यांच्या बिघाडाने माणसाच्या जिवाला धोका होतो किंवा संपूर्ण प्रकल्प बंद पडतो, अशी. छायाचित्रावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे, याचे उत्तर कॅमेरा उचलण्यापूर्वी तयार नसेल, तर त्या छायाचित्राने सर्व्हरवरचा ढीग तेवढा वाढेल.

प्रश्न : काँक्रीटच्या चिमणीची तपासणी ड्रोनने करून देणारा कंत्राटदार म्हणतो की त्याच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल इतके आहेत की बारीकशी भेगही सुटणार नाही. हे कसे पडताळावे? – स्थापत्य पर्यवेक्षक

उत्तर : मेगापिक्सेलवरून हे ठरत नाही. चिमणीच्या पृष्ठभागावरचे किती मिलिमीटर एका पिक्सेलमध्ये सामावतात, ते विचारावे. हिशेब सोपा आहे : कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील एका पिक्सेलची रुंदी गुणिले चिमणीपासूनचे अंतर, भागिले लेन्सची नाभीय लांबी (‘५० मिलिमीटरची लेन्स’ म्हणतात तो आकडा). पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा, लेन्स ५० मिलिमीटरची आणि अंतर १० मीटर असेल, तर एका पिक्सेलमध्ये ०.८ मिलिमीटर पृष्ठभाग येतो. ०.३ मिलिमीटरची भेग त्यात गडद रेघ म्हणून कदाचित उमटेलही, पण तिची रुंदी मोजता येणार नाही, कारण त्यासाठी भेगेच्या रुंदीत किमान दोन-तीन पिक्सेल बसायला हवेत. तोच कॅमेरा २०० मिलिमीटरची लेन्स लावून ६ मीटरवरून वापरला, तर हे प्रमाण ०.१२ मिलिमीटरवर येते आणि काम होण्याजोगे होते. अर्थात हा कागदावरचा हिशेब झाला; वारा आणि ड्रोनचे कंपन यांमुळे चित्र त्याहून पुसट येते. म्हणून करारात मेगापिक्सेलऐवजी मिलिमीटर प्रति पिक्सेल लिहून घ्यावे, आणि ०.२, ०.३, ०.५ मिलिमीटर जाडीच्या रेघा छापलेले कार्ड चिमणीवर लावून, त्यातली कोणती रेघ स्पष्ट वाचता येते ते पहिल्याच उड्डाणात पाहावे.

या साऱ्यामागे एक जुनी निकड आहे. १८५८ मध्ये जर्मनीतील वेत्झलार येथे कॅथेड्रलची मोजमापे घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे तरुण वास्तुविशारद उंचावरून कोसळता कोसळता वाचले आणि इमारतीवर न चढता तिच्या छायाचित्रांवरून मापे काढता येतील का, या विचाराला ते लागले. परांचीवर चढणारा माणूस सुखरूप राहावा हा हेतू आजही तितकाच मोलाचा आहे. म्हणूनच ड्रोनची तपासणी इतकी चोख हवी की तिच्यावर विश्वास ठेवून कोणाला वर पाठवणे टाळता यावे.

प्रश्न : थर्मल कॅमेऱ्याने तपासणी झाली तेव्हा पॅनेलमधील सर्व जोड सामान्य दिसले होते. पुढे त्यातलाच बसबारचा (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीचा) एक जोड जळाला. कॅमेरा सदोष होता का? – विद्युत विभागातील वाचक

उत्तर : कॅमेरा निर्दोष असूनही असे घडते. चकचकीत तांब्याची उत्सर्जकता जेमतेम ०.०५ असते, म्हणजे ते स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही आणि समोरच्या थंड भिंतीचे प्रतिबिंबच कॅमेऱ्याला दाखवते. विजेच्या कामात वापरतात त्या काळ्या टेपची उत्सर्जकता ०.९५ च्या आसपास असल्याने, पुरवठा पूर्ण बंद असताना जोडाजवळ अशी टेप लावून ठेवली की पुढच्या वाचनांवर विसंबता येते. दुसरी शक्यता लोडची, म्हणजे तपासणीच्या वेळी जोडातून किती प्रवाह वाहत होता याची. जोडातील उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा असेल तर उष्णता केवळ चौथाई निर्माण होते आणि सैल जोडही निरोगी भासतो. तपासणीच्या वेळी किमान ४० टक्के लोड असावा असा संकेत आहे. प्रत्येक चित्रासोबत तिन्ही फेजचा प्रवाह नोंदवावा आणि फेजची तुलना आपसांत करावी. आपल्या जुन्या अहवालात प्रवाहाचे आकडेच नसतील, तर तो अहवाल ‘सामान्य’ म्हणून स्वीकारायलाच नको होता.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेने छायाचित्रांतील गंज आपोआप ओळखता येत असेल, तर निरीक्षकांची संख्या कमी करावी का? – प्रकल्प व्यवस्थापक

उत्तर : माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. अशी प्रणाली हजारो चित्रांतून संशयित चित्रे पुढे काढून देते, आणि तेवढ्यासाठी ती उत्तम आहे. परंतु सर्वांत घातक दोष दुर्मीळ असतात, त्यामुळे प्रणालीला शिकवायला त्यांचीच उदाहरणे सर्वांत कमी मिळतात. तिने ‘निर्दोष’ ठरवलेल्या चित्रांपैकी काही निवडून अनुभवी निरीक्षकाने नियमित पाहिली नाहीत, तर किती दोष सुटले हे अपघातानंतरच कळेल. शिवाय जे पृष्ठभागावर नाही ते चित्रातही नाही. इन्सुलेशनखाली, विशेषतः उणे १२ ते १७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालणाऱ्या कार्बन स्टीलच्या पाइपवर, आवरण वरून नीटनेटके दिसत असताना आत गंज भिंत खात असतो. तेथे छायाचित्र फार तर फाटलेले आवरण किंवा उघडा सांधा दाखवून पाणी कोठून शिरते ते सुचवील. पुढे ते आवरण उघडून अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजायला प्रशिक्षित माणूसच लागतो, आणि प्रणालीमुळे निरीक्षकांचा जो वेळ वाचेल तो याच कामाला द्यावा.