पहिल्या लॉटची गाडी घेऊ का?

दसरा जवळ आला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. एरवी 'ॲव्हरेज पडलं', 'चेन आवाज करते' असली दुखणी असतात. आता मात्र जो तो नवी गाडी घ्यायला निघालेला, आणि तीही कालपरवा बाजारात आलेली. म्हणून या वेळी त्याच विषयावरची चार पत्रं एकत्र घेतली आहेत. गाड्यांची नावं काही पत्रांतून मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : काका, मी विट्याला राहतो. खताच्या कंपनीत फिरतीची नोकरी आहे. तासगाव, खानापूर, आटपाडी असा रोजचा फेरा. जुनी १२५ विकून, गेल्या महिन्यात आलेली नवी ३५० सीसीची गाडी दसऱ्याला घ्यायची आहे. इंजिन, चासी सगळं नवीन आहे म्हणतात. वडील म्हणतात वर्षभर थांब. आमचा मिस्त्री म्हणतो, नवी गाडी म्हणजे नवी डोकेदुखी. सर्व्हिस सेंटर सांगलीला आहे. काय करू?

उत्तर : या दसऱ्याला घेऊ नकोस. आणि जुनी १२५ विकायची घाई तर मुळीच करू नकोस.

तुझ्या मूळ पत्रात हेडलाइट, टाकीचा रंग आणि सायलेन्सरचा आवाज यांवर अर्धं पान आहे, ते जागेअभावी छापलं नाही. सर्व्हिस सेंटरला मात्र चार शब्द दिलेस. माझ्या लेखी सगळा प्रश्न त्या चार शब्दांत आहे.

नवं मॉडेल म्हटलं की लोक इंजिनाला घाबरतात. इंजिन सहसा दगा देत नाही. कंपन्या ते टेस्ट बेंचवर आणि रस्त्यावर पिदडून पिदडून बघतात, आणि पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, तसल्या संस्थेची मंजुरी घेतल्याशिवाय कुठलंच मॉडेल विकता येत नाही. पण चाचणीच्या गाड्या मोजक्या असतात आणि निगुतीनं जोडलेल्या असतात. विक्रीची गाडी नव्या डायवर, म्हणजे साच्यांवर, नव्या पुरवठादाराच्या मालातून, सणाआधी बुकिंग उरकायच्या घाईत बनते. घोळ होतो तो तिथं, आणि तोही बारीकसारीक जागी. कुठे वायर दाबली जाते, कुठे बोल्ट पुरेसा आवळलेला नसतो, कुठे शॉकअपचं ऑइल सील हलकं लागतं.

मी अधिकृत वर्कशॉपात सुपरवायझर होतो तेव्हाची एक गाडी सांगतो. नवीकोरी, मॉडेलनं अजून एक पावसाळाही बघितला नव्हता. तक्रार अशी की पार्किंगमधून काढताना हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की गाडी बंद, सरळ केलं की चालू. रस्त्यावर काही त्रास नाही. आधी पेट्रोलला दोष देऊन झाला. मग साइड स्टँडचा स्विच बदलून झाला. शेवटी टाकी उतरवली. चासीच्या मानेपाशी, जिथं कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, बसतो तिथं, वायरिंगचा जुडगा प्लॅस्टिकच्या टायनं इतका आवळलेला होता की हँडल वळलं की तो ताणला जायचा आणि वेल्डिंगच्या कडेवर घासायचा. वरची काळी टेप फाटलेली, आत तांबं चकाकत होतं. टाय तोडून, वायरवर स्लीव्ह चढवून काम तासाभरात झालं. सापडायला मात्र दिवसच्या दिवस गेले, कारण या गाडीत दुखणं कुठं असतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे कंपनीचं पत्रक आलं, आणि सर्व्हिसला येणाऱ्या प्रत्येक गाडीची ती वायर आम्ही न बोलता नीट करू लागलो. ज्यांनी ती गाडी वर्षभरानं घेतली, त्यांना यातलं काही कळलंसुद्धा नाही.

हे झालं दोषाचं. त्याहून जास्त छळतात ते स्पेअर पार्ट. तुझ्या जुन्या गाडीची क्लच केबल आटपाडीच्या बाजारात उभ्या उभ्या मिळेल. नव्या गाडीचं तसं नाही. कारखान्यात येणारा माल आधी गाड्या जोडायला जातो, स्पेअरच्या गोदामात त्यानंतर. त्यामुळे गाडी एकदा आडवी झाली की लागतात त्या साध्या वस्तू, म्हणजे ब्रेक लिव्हर, आरसा, फूटरेस्ट, इंडिकेटर, सुरुवातीच्या महिन्यांत डीलरकडेही नसतात. ऑर्डर टाकतो म्हणतात आणि आपण वाट बघतो. ज्याच्या घरात दुसरी गाडी आहे तो बघेल वाट. तुझी फिरतीची नोकरी आहे, तू काय एसटीनं खत विकत फिरणार?

जाहीर उदाहरणही देतो. रॉयल एनफिल्डनं नवी क्लासिक ३५० आणली १ सप्टेंबर २०२१ ला. त्याच डिसेंबरात २६,३०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. मागं ड्रम ब्रेक असलेल्या, सिंगल चॅनल एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा फक्त पुढच्या चाकाला असलेल्या. पायातला ब्रेक फार जोरात दाबला तर स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या), ब्रेकला आधार देणाऱ्या ब्रॅकेटला इजा होण्याची शक्यता होती. या गाड्या १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर या काळात बनलेल्या, म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासूनच्या. आता यावरून कुणी ती गाडीच वाईट म्हणायला लागला तर मी भांडेन. दोष सापडल्यावर चारचौघांत सांगून गाड्या बोलावणारी कंपनी मला गप्प बसणारीपेक्षा केव्हाही बरी वाटते. पण सहा महिने उशिरा घेणाऱ्याला तो हेलपाटा पडला नाही, एवढं खरं.

मिस्त्रीचं म्हणणं मात्र मी जसंच्या तसं घेत नाही. नवी म्हणजे किती नवी, ते बघावं लागतं. बजाजची पल्सर एनएस ४०० झेड २०२४ च्या मे महिन्यात आली. नाव नवं, पण इंजिन मुळात तेच ३७३ सीसीचं, डॉमिनार ४०० मध्ये २०१६ च्या अखेरीपासून फिरणारं. मिस्त्री लोकांचे हात त्यावर बसलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, ट्रायम्फची स्पीड ४०० आली, तिच्यात इंजिनापासून चासीपर्यंत सगळंच नवं. दोन्ही गाड्या 'न्यू लाँच'च, पण पहिल्या गाडीला मी दोन-तीन महिन्यांत हो म्हटलं असतं, दुसरीला नाही.

तुझी गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे. अशा गाडीनं रस्त्यावर एक पूर्ण पावसाळा काढेपर्यंत मी थांबायला सांगतो. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं का, मीटरच्या काचेत वाफ धरते का, चाकाचे बेअरिंग आणि कोनसेट टिकतात का, हे उन्हाळ्यात कळत नाही. आता सप्टेंबरात आलेल्या गाडीचा पहिला पूर्ण पावसाळा पुढच्या सप्टेंबरात संपेल. म्हणजे फिरून वडिलांचंच एक वर्ष आलं. तोवर तुझी कंपनी विट्यात सर्व्हिसचा पॉइंट उघडते का तेही दिसेल.

प्रश्न : मी नाशिकला शिक्षिका आहे. मुलाला नवी मोटारसायकल हवी आहे. शोरूमवाले म्हणतात, ही सुरुवातीची किंमत ठरावीक ग्राहकांनाच आहे, नंतर वाढेल, आजच पूर्ण पैसे भरा. हे खरं असतं की दबाव टाकायची पद्धत?

उत्तर : ताई, दोन्ही असतं. मघाशी ज्या स्पीड ४०० चं नाव घेतलं, तिची एक्स-शोरूम किंमत पहिल्या १०,००० ग्राहकांना २ लाख २३ हजार होती आणि नंतर २ लाख ३३ हजार. म्हणजे लवकर धावले त्यांचे दहा हजार वाचले.

पण उलटंही घडतं, आणि तेव्हा आकडा मोठा असतो. सुझुकीची इनाझुमा २५० जानेवारी २०१४ मध्ये ३ लाख १० हजारांना आली. खप होईना, तेव्हा त्याच वर्षात तिची किंमत सुमारे एक लाखानं उतरवली. ज्यानं पहिल्या महिन्यात हौसेनं घेतली, त्याची गाडी एका सकाळी लाखभरानं स्वस्त झाली, आणि पुढे सेकंडहँडलाही कुणी विचारीना. बजाजची सीएनजीवरची फ्रीडम १२५ पुण्यात जुलै २०२४ मध्ये वाजतगाजत आली, त्याच डिसेंबरात तिच्याही काही प्रकारांच्या किमती खाली आल्या. कधी वर्षभरात मालच सुधारतो. एनएस ४०० झेडला वर्षभरानं ४० ऐवजी ४३ पीएस ताकद आणि रेडियल टायर मिळाले. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये कार्ब्युरेटरवर आली, २०१७ मध्ये फ्युएल इंजेक्शनवर गेली. आधीच्या मालकाला यातलं काही मागून मिळत नाही.

तेव्हा दहा हजार वाचतील म्हणून घाई करू नका. बुक करायचीच असेल तर फक्त बुकिंगची रक्कम भरा, आणि ती परत मिळणार का हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. तुमच्या नावाला लागलेल्या गाडीचा चासी नंबर कळेपर्यंत पूर्ण पैसे भरू नका, कर्जाचा हप्ताही सुरू होऊ देऊ नका. नवी जावा मोटारसायकल १५ नोव्हेंबर २०१८ ला जाहीर झाली आणि गाड्या ग्राहकांच्या हातात पडायला मार्चअखेर उजाडली, हे लक्षात असू द्या. बिलात लेगगार्ड, सीट कव्हर आणि 'हँडलिंग'च्या नावाखाली काय काय लावलंय ते तुम्हीच वाचा. मुलगा वाचणार नाही, त्याचं लक्ष गाडीकडे असेल.

प्रश्न : चिपळूणहून लिहितोय. नवीन मॉडेल घेऊन तीन महिने झाले. जोराच्या पावसात इंजिन बंद पडतं. तीनदा दाखवलं. दर वेळी 'आता ठीक आहे' म्हणून परत देतात, आणि काल म्हणाले, या मॉडेलमध्ये सगळ्यांचंच असं आहे. आता कुठे दाद मागायची?

उत्तर : दादा, 'सगळ्यांचंच असं आहे' हे वाक्य त्यांच्याकडून लेखी घ्या. ते तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

पहिली गोष्ट जॉब कार्ड, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार नोंदवतात तो कागद. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. 'जनरल चेकअप' असं लिहून गाडी आत घेतली असेल तर कागदोपत्री तुमची तक्रारच नाही. 'पावसात चालताना इंजिन बंद पडते, तिसरी वेळ' असं लिहा, आणि काम झाल्यावर काय केलं ते नोंदलेली प्रत घ्या. मग त्या प्रती जोडून डीलरला नव्हे, थेट कंपनीला ईमेल करा. कंपनीचा एरिया सर्व्हिस इंजिनिअर डीलरकडे फेरीवर येतो, त्याच्यासमोर गाडी दाखवायची मागणी करा. पाण्याचा पाइप धरून त्याच्यासमोर गाडी बंद पाडली की पुढची कामं भराभर होतात, हे मी काउंटरच्या त्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं सदोष गाड्या परत बोलावण्याचं कलम ११०अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. केंद्राच्या वाहन पोर्टलवर अशा दोषाची तक्रार नोंदवता येते. तक्रारी पुरेशा संख्येनं आल्या की चौकशी लागते, म्हणून तुमच्यासारख्याच इतर मालकांनाही नोंदवायला सांगा. तुमचं स्वतःचं नुकसान भरून हवं असेल तर जागा जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कित्येकदा तेवढ्यानंच कंपनी जागी होते.

एक विचारतो, रागावू नका. बाहेरून फॉगलाइट किंवा मोठा हॉर्न लावून घेतलाय का? वायर कापून जोड दिलेला असेल तर वॉरंटी नाकारायला त्यांना ते निमित्त पुरतं, आणि पावसात बंद पडण्याचं कारणही कधी कधी तेच निघतं.

प्रश्न : गाडी बुक झाली, आता मागे फिरणार नाही. दसऱ्याला डिलिव्हरी आहे. ताब्यात घेताना काय बघू? (डोंबिवली)

उत्तर : मग मनापासून घ्या, हौसेला मोल नाही. फक्त दसऱ्याच्या सकाळी बघायला जाऊ नका, त्या दिवशी शोरूमात पाय ठेवायला जागा नसते. आदल्या दिवशी उजेडी जा.

चासी नंबर कागदांशी जुळवा, बनावटीचा महिना विचारा. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा, का ते वर सांगितलंच आहे. सगळे स्विच दाबा, पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवून तेल लागतं का बघा, टाकीखाली पेट्रोलचा वास घ्या. मीटरवर किलोमीटरचं रिडिंग जास्त दिसलं तर ही डेमोची गाडी नाही ना, हे तोंडावर विचारा. पहिली सर्व्हिस चुकवू नका आणि दर सर्व्हिसला एवढंच विचारा : 'माझ्या चासी नंबरवर काही कॅम्पेन बाकी आहे का?' कंपनीची पत्रकं तिथं याच नावानं ओळखली जातात, आणि विचारलं नाही तर गर्दीच्या दिवशी ते काम राहून जातं.

पूजेचा झेंडूचा हार हँडललाच आखूड बांधा. लोंबता हार पुढच्या चाकात जातो, आणि दसऱ्याच्या दुपारी असली एक तरी गाडी माझ्या गॅरेजला येतेच.