यामाहा आरएक्स १०० सीझ झाली आहे. नवा पिस्टन कंपनीचा घ्यावा, बाहेरचा की फोर्ज्ड?

तुम्ही लिहिलंय की गाडी वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे पकडली (म्हणजे सीझ झाली, पिस्टन ब्लॉकमध्ये अडकला), मेकॅनिक 'पन्नासचा बोअर मारून ठेवतो, पिस्टन तुम्ही घेऊन या' म्हणाला, आणि आता दुकानदाराने तीन किमतींचे तीन डबे समोर मांडलेत.

भाऊ, डबे राहू द्या. आधी मेकॅनिकला फोन करून बोअर, म्हणजे ब्लॉकचं (सिलिंडरचं) भोक कापून मोठं करणं, थांबवा.

आधी पिस्टन घ्यायचा, मग तो पिस्टन हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्यायचा. नागपुरात अर्धे लोक हे उलटं करून राहिले आहेत आणि मग गाडीच्या नावाने खडे फोडतात. डब्यावरचं ०.५० (मेकॅनिकचं 'पन्नास' ते हेच) पिस्टनचं माप नाही, बोअरची पायरी आहे. आरएक्सचा स्टँडर्ड बोअर ५० मिमी, म्हणून ही पायरी झाली ५०.५०. आत जाणारा पिस्टन त्यापेक्षा किती बारीक, हे बनवणाऱ्यागणिक बदलतं. एकाचा ५०.४६ भरतो, दुसऱ्याचा ५०.४८.

गेल्या हिवाळ्यात हिंगण्याकडून माझ्या टेबलावर आलेला ब्लॉक याचाच नमुना होता. बोअर बरोब्बर ५०.५०, वर-मधे-खाली कुठेही फरक नाही, काम सुरेख. पिस्टन ५०.४८. म्हणजे गॅप ०.०२ मिमी, २ शतांश, हवी होती ४ ते ५. थंड इंजिनात तो हाताने सरकत होता, त्यामुळे बसवणाऱ्याला शंका आली नाही. थंडीच्या सकाळी किक मारली, लगेच पिळली, आणि चौकापर्यंत जायच्या आत चाक लॉक. ॲल्युमिनियम लोखंडी लायनरच्या जवळपास दुप्पट फुगतं, शिवाय आधी पिस्टन तापतो, ब्लॉक मागाहून. पिस्टनवर खुणा होत्या चार कोपऱ्यांत, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडते ती) दोन्ही अंगांना. ही खूण म्हणजे गॅप कमी. पण ज्याने इंजिन बांधलं त्याचं एकच पालुपद, 'टू-टी कमी पडलं', म्हणजे पेट्रोलसोबत जळणारं ऑइल. मालकाने त्यापायी धडधाकट ऑइल पंप बदलला. पंप काही केल्या एकाच वेळी मोजून चार कोपरे खरवडत नाही, पण हे त्या गृहस्थाला पटवायचं कोणी! आजही तो तेच सांगत असतो.

म्हणून तुमचा जुना पिस्टन भंगारात देऊ नका, तो आधी वाचा. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन जास्त तापलंय, बहुतेक वेळा मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन. डोक्याला भोक किंवा वितळलेली कड असेल तरी संशय तिथेच, सोबत टायमिंग आणि चुकीचा प्लगही तपासा. कार्बुरेटर आणि ब्लॉकमधलं रबर चिरलेलं आहे का बघा, आणि मॅग्नेटकडचं क्रँक ऑइल सील तर न बघता बदला. ते सील हवा ओढायला लागलं की मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) कितीही वाढवा, कोणत्याही कंपनीचा पिस्टन पुन्हा पकडणारच. क्लचकडचं गेलं असेल तर गाडी गिअर ऑइल पिऊन पांढरा धूर काढते, तेही याच खर्चात उरकून घ्या.

आता दुकानात काय करायचं. जुना पिस्टन आणि मायक्रोमीटर घेऊन जा. माप स्कर्टवर (पिस्टनचा खालचा घेर), पिनच्या काटकोनात, खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर. डोक्याजवळ मोजलंत तर कमीच भरेल, कारण पिस्टन वर निमुळता असतो आणि नीट गोलही नसतो. दोन्ही पिस्टनमध्ये एकच पिन घालून शेजारी धरा, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची जुळली पाहिजे. ती बदलली की पोर्ट (ब्लॉकमधली वायू आत-बाहेर जायची भोकं) उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते. स्कर्टची लांबी आणि इनलेटकडची कापणी जुन्यासारखीच हवी. रिंगच्या खाचेतल्या बारीक पिना जागेवर आहेत ना, तेही बघा. मग वजन. सोनाराच्या काट्यावर करा, काही ग्रॅमचा फरक चालतो, पण बराच जड पिस्टन घातला तर ६० च्या पुढे हँडल झणझणायला लागतं. या सगळ्यात जो बसेल तो घ्या, डबा कोणत्या रंगाचा आहे याला काही अर्थ नाही. 'ओरिजिनल'च्या डब्यात काय काय निघतं ते नागपूरकरांना सांगायला नको.

साइजही हावरटपणाने निवडू नका. ०.२५ ने साफ होत असेल तर ०.५० कशाला? बाजारात साधारण १.०० पर्यंत मिळतो, त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे ब्लॉकचं एक आयुष्य.

बोअरनंतर होनिंग (बोअर बारीक दगडाने घासणं), आणि पोर्टच्या कडा हलक्या मारून घ्यायच्याच. हे बोअरवाला विसरतो आणि रिंग तिथे अडकून तुटते. ब्लॉक गरम पाण्याने साबण लावून धुवा, नुसतं पेट्रोल होनिंगचा कचरा काढत नाही. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तोंडातली फट बघा, ०.२० ते ०.३० मिमी उत्तम. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. गजन पिनची लॉकं आणि निडल बेअरिंग नवीनच, आणि लॉक लावताना क्रँकच्या तोंडात फडकं कोंबा.

'नागपूरचं ऊन आहे, गॅप ढिली ठेवा' म्हणणाऱ्यांना दुरून नमस्कार. पिस्टनची बरीच उष्णता रिंगांतून आणि स्कर्टमधून ब्लॉकमध्ये जाते. ८-१० शतांश सोडलेत तर पिस्टन वाजेल, डुलेल, रिंग लवकर खाईल आणि उलट जास्त तापेल. मे महिन्यातली हवा विरळ असते, त्यामुळे मिश्रण उलट जाडच होतं. मेमध्ये बसवलेलं जेटिंग डिसेंबरच्या थंडीत पातळ पडतं, बघायचं ते तिकडे.

फोर्ज्ड, म्हणजे न ओतता दाबून घडवलेला? कॉलेज, ऑफिस आणि रविवारी रामटेक एवढंच असेल तर नको. बहुतेक फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतात म्हणून जास्त गॅप मागतात, थंड असताना खडखडतात आणि गरम होईपर्यंत थांबायला लावतात. आपल्याकडे किक मारल्यावर थांबतो कोण? पोर्टिंग केलंय आणि ट्रॅकवर पळवायची आहे, तर खुशाल घाला, पण गॅप त्याच्या कागदावरची. कास्टच्या, म्हणजे साध्या ओतीव पिस्टनच्या, डब्यातही कागद निघाला तर माझे आकडे सोडा, तोच पाळा.

मित्राच्या फार्महाऊसवरच्या टू-स्ट्रोक एटीव्हीचंही विचारलंय. यामाहा ब्लास्टर असेल (१९५ सीसी, ६६ मिमी बोअर) तर लोखंडी लायनर आहे, वरचं सगळं जसंच्या तसं लागू. निकासिल प्लेटिंगचा (बोअरला आतून कठीण मुलामा दिलेला) ब्लॉक असेल तर मात्र बोअरवाल्याच्या सावलीलाही नेऊ नका. त्यात बोअर मोजून ए, बी अशा अक्षरांच्या मापाचा पिस्टन निवडतात, आणि प्लेटिंग सोललं असेल तर पुन्हा प्लेटिंग किंवा नवा ब्लॉक.