‘माय वे’ मूळचे कोणाचे?

प्रश्न : अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा यांचे ‘माय वे’ मुळात फ्रेंच गाणे आहे का?

उत्तर : चाल फ्रेंच, आशय मात्र नवा. फ्रेंच गायक क्लोद फ्राँस्वा यांनी १९६७ मध्ये गायलेल्या मूळ गीतात रोजच्या सवयीत विझत गेलेल्या प्रेमाची व्यथा आहे. गायक-गीतकार पॉल अँका यांनी त्या गीताचे भाषांतर न करता, आयुष्याच्या अखेरीस अभिमानाने मागे वळून पाहणाऱ्या माणसाचे मनोगत लिहिले आणि ते सिनात्रांच्या आवाजात १९६९ मध्ये गाजले. (त्याच चालीवर डेव्हिड बोवी यांनी आधी रचलेले इंग्रजी शब्द नाकारले गेले होते.) पुढे एल्व्हिस प्रेस्लींनी ते भारदस्तपणे गायले, तर पंक रॉक या बंडखोर संगीतशैलीतले सिड व्हिशस यांनी १९७८ मध्ये त्याची उघड टवाळी केली; नीना सिमोन यांचे द्रुत लयीतले गायन मात्र आम्हांला सर्वांत सरस वाटते.