विचारा सिस्टरला : छातीतला पोर्ट अन् गावातलं सलाईन

प्रश्न : सिस्टर, सासूबाईचं डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या. किमो संपून दोन महिने झाले पण उजव्या बाजूचा पोर्ट डॉक्टरनी अजून ठेवलाय. दर महिन्याला फ्लशिंगसाठी, म्हणजे पोर्ट धुवायला, नागपूरला जा, अख्खा दिवस जातो अन् दोघींची मजुरी बुडते. गावातले डॉक्टर म्हणतात इकडेच आणा, मीच धुवून देतो, अशक्तपणा वाटला तर त्यातूनच सलाईन पण लावू, नस शोधायची कटकट नाही. लावू द्यावं का? अन् कापूस वेचायला जाऊ द्यायचं का? – एक सून, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सूनबाई, सलाईन मुळीच नको. पोर्ट म्हणजे कातडीखाली ठेवलेली छोटी डबी, तिच्यावर सिलिकॉनचं झाकण अन् खालून निघालेली नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या नसेत. म्हणजे सुईवर जी घाण जाईल ती सरळ तिथेच पोचणार. शिवाय त्याला ह्यूबर म्हणून वेगळी सुई लागते, तिनं टोचलं की झाकण परत मिटतं, साध्या सुईनं टोचलं तर सिलिकॉनचा तुकडाच कापून निघतो अन् मग डबी गळते. सिरिंज पण 10 एमएलची किंवा मोठीच पाहिजे, लहान सिरिंजचा जोर जास्त बसतो, नळी फाटू शकते. मी किमोच्या डे-केअर वॉर्डात होते तेव्हा एका बाईच्या पोर्टला गावात अशीच साधी सुई लावलेली, पस आला, शेवटी पोर्ट काढावा लागला अन् किमो लांबली ती वेगळीच. तुमचे डॉक्टर वाईट हेतूनं म्हणत नसतील, पण कधी न हाताळलेली वस्तू आहे ना ती.

फेऱ्यांचं मात्र बोला. वापरात नसलेला पोर्ट आता बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांनी धुतात, तर आमचं चालेल का असं तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरला सरळ विचारा, लाजू नका. किंवा सेवाग्रामचा दवाखाना जवळ पडत असेल, नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात किमो देत असतील, तर तिथं चिठ्ठी द्या म्हणावं. अन् पोर्ट कधी काढणार तेही विचारून घ्या.

कापसाचं म्हणाल तर जखम भरली असेल, अंगात ताकद असेल अन् डॉक्टर हो म्हणत असतील तर पोर्टमुळे काही अडत नाही. वेचलेला कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधायची, गळ्यात नाही. मला काळजी पोर्टवाल्या बाजूची नाहीच, डाव्या हाताची आहे. काखेतल्या गाठी काढल्यात ना, अन् पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांची टोकं कशी ओरबाडतात ते तुम्हाला मी काय सांगू! त्या हातावर साधा ओरखडा पण चिघळतो, हात सुजतो. म्हणून डाव्या हाताला मोजा घालूनच वेचा म्हणा, अन् गाठोडं दुसऱ्या कोणीतरी उचला.

प्रश्न : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी पोर्टला 46 तासांची किमोची बाटली लावून घरी पाठवतात. मे महिन्यात टिनाच्या घरात चालते का? फवारणीचं काम पण आहे. – एक शेतकरी, वर्धा जिल्हा

उत्तर : भाऊ, चांगलं विचारलं. त्या बाटलीत फुगा असतो, तो आकसत आकसत औषध ढकलतो. उष्णता वाढली की औषध भरभर जातं, म्हणजे ठरल्या वेळेआधीच संपू शकतं. तेव्हा ते दोन दिवस दुपारी टिनाखाली थांबू नका, कूलरच्या खोलीत नाहीतर कोणाच्या स्लॅबच्या घरी जा, बाटलीला ऊन लागू देऊ नका. गळली तर नळीवरची क्लिप बंद करा, औषधाला उघडा हात लावू नका, लागलाच तर साबणपाण्यानं धुवा अन् दवाखान्यात फोन करा. सुई आहे तोवर डोक्यावरून अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसा. फवारणीचा पंप तर पाठीला अडकवूच नका, पट्टा नेमका पोर्टवर बसतो, अन् 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते आपण पाहिलंच आहे, किमो चालू असताना तर ते काम दुसऱ्याला द्या.

प्रश्न : बाबाचा पोर्ट धुतला की घरी येईपर्यंत हुडहुडी भरते, ताप येतो. क्रोसिन दिली की उतरतो. पुढच्या तारखेला सांगितलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार! धुतल्यावर लगेच थंडी वाजणं म्हणजे पोर्टमध्येच जंतू बसल्याची शंका घ्यायची, बाहेरून कातडी लाल नसली तरी. क्रोसिननं ताप दबतो, जंतू नाही मरत. अंक हातात आला की फोन करा अन् आजच न्या, अन् इथून पुढं ताप 100.4 च्या वर गेला की रात्र असो नाहीतर दिवस, सकाळच्या एसटीची वाट पाहत बसू नका, गावात कोणाची गाडी असेल ती मागा नाहीतर 108 लावा. मान किंवा पोर्टकडचा हात सुजला तरी तसंच. पोर्ट बसवताना दिलेलं कार्ड खिशात ठेवा अन् पोचल्याबरोबर सांगा की पोर्ट आहे, आधीच्या वेळीही थंडी वाजली होती. म्हणजे ते अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी पोर्टमधून अन् हातातून, दोन्हीकडून रक्त तपासायला घेतील.