मुलांना ट्रॅव्हल स्पोर्ट्स खरंच आवडतात, की ते आपल्यालाच हवे असतात?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डॅलसला येऊन दोन वर्षं झाली, नऊ वर्षांच्या मुलाची ट्रॅव्हल सॉकरच्या संघात निवड झालीय. तो ‘जायचंय’ म्हणतो, बायको म्हणते पोराला यातलं काय कळतंय. मुलांना हे मनापासून आवडतं का?

आवडतं. पण त्यातलं नेमकं काय आवडतं, हे मुलांना विचारून कळत नाही. मला ते कळायला तीन वर्षं लागली.

मी न्यू जर्सीत राहतो. भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, इथे गावच्या रेक लीगमध्ये, म्हणजे हौशी सामन्यांत, नाव नोंदवलं की कुणालाही खेळायला मिळतं. ट्रॅव्हलचं तसं नाही. तिथे ट्रायआउट (निवड चाचणी), मग ए टीम की बी टीम, पगारी कोच, आणि शनिवार-रविवारी दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्या राज्यात सामने. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार 2024 मध्ये इथल्या कुटुंबांनी मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी 1,016 डॉलर खर्च केले. आमच्या मुलीची पहिल्या वर्षाची नुसती क्लबची फी त्याच्या दुपटीहून जास्त होती. हॉटेल, पेट्रोल, दुसऱ्यांदा घ्यावा लागलेला गणवेश वेगळा. मराठी शाळेचे रविवार आणि एका वर्षीचा मंडळाचा गणपती बुडाला, तो तर कुठल्याच हिशेबात नाही.

मुलगी नऊ ते बारा या वयात हे खेळली. दर सीझनच्या शेवटी मी विचारायचो, ‘आवडतंय ना?’ ती म्हणायची, ‘हो.’ विषय संपला.

मग डेलावेअरची ती स्पर्धा आली. शनिवारी रात्रभर पाऊस. रविवारी पहाटे सहाला टीमच्या ग्रुपवर निरोप आला, मैदानात पाणी साचलंय, आजचे सामने रद्द. मी चरफडलो. हॉटेलही आपल्या मनाचं नव्हतं. या स्पर्धांमध्ये बरेचदा ‘स्टे टू प्ले’ असतं, म्हणजे आयोजकांच्या यादीतल्याच हॉटेलात उतरा, नाहीतर खेळू नका. मी पैशांचा विचार करत बसलेलो आणि मुलगी पलंगावर उड्या मारतेय. तिला एवढं खूश मी त्या सीझनमध्ये एकाही गोलनंतर पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं, हिला सॉकरच नकोय. नऊला नाश्त्याला निघालो तर कॉरिडॉरमध्ये अख्खी टीम मोज्यांचा चेंडू करून खेळत होती. बर्फाच्या मशीनची खोली हा एक गोल, लिफ्ट हा दुसरा. रिसेप्शनवरची बाई दोनदा ओरडून गेली. गुण कुणी मोजत नव्हतं. म्हणजे मोजत होत्या, पण दर पाच मिनिटांनी भांडण होऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात. आमच्या मिरजेच्या वाड्यात क्रिकेट असंच चालायचं. दोन तास खेळल्या. ज्या मुलीला सामन्यात जेमतेम दहा मिनिटं उतरवायचे, ती सगळ्यात जोरात ओरडत होती.

परतीच्या वाटेवर टर्नपाइकला (टोलच्या महामार्गाला) लागल्यावर मी विचारलं, ‘तुला मॅच नको असते का?’
‘असते. पण सारखी सारखी नको.’
‘मग सांगायचं ना.’
‘पण तू पैसे भरलेस ना.’

यावर मला काही बोलता आलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला फीचा आकडा माहीत होता. ‘एवढे पैसे ओतून बेंचवर बसवतात’ हे माझंच वाक्य, जेवताना बायकोला म्हटलेलं. तिचा तो ‘हो’ आम्हाला वाईट वाटू नये म्हणून होता.

जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अमांडा विसेक यांनी सॉकर खेळणाऱ्या मुलांना विचारून, खेळात मजा कशामुळे येते अशा 81 गोष्टींची यादी केली होती. त्यात जिंकणं 48वं आलं. मनापासून प्रयत्न करणं, खिलाडूपणा, कोचचं नीट वागणं हे सगळं त्याच्या कितीतरी वर. तो कॉरिडॉर पाहिल्यावर मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

पण याचा अर्थ ट्रॅव्हल वाईट असा काढू नका. धाकटा मुलगा त्याच घरातला, त्याच गाडीतून फिरतो, आणि त्याला चुरस खरोखर लागते. गजराआधी उठून बुटांच्या नाड्या बांधून बसलेला असतो. हरला की रडतो आणि घरी आल्यावर गॅरेजच्या दारावर चेंडू मारत सुटतो (दाराला पोचे आलेत, शेजारी सहनशील आहेत). यात आमचं कर्तृत्व शून्य.

म्हणून विचारण्यापेक्षा बघा. सामना रद्द झाल्यावर चेहरा कसा होतो? कुणी न सांगता चेंडू हातात घेतो का? गाडीत बसल्यावर बोलतो की हुडी डोक्यावर ओढून घेतो? आमची हुडी ओढायची, कारण मी स्टिअरिंगवरून सामन्याची चिरफाड करायचो. ती बंद केल्यावर हुडी खाली आली.

क्लबला दोन गोष्टी आधी विचारा: प्रत्येक मुलाला किमान किती वेळ खेळवतात, आणि राज्याबाहेरच्या स्पर्धा किती. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा क्लब बघा. बारमाही एकच खेळ असेल तर सरळ नाही म्हणा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्येच सांगितलंय की वर्षातले एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत का होईना, त्या खेळाला सुट्टी हवी. नवव्या वर्षी हिवाळी इनडोअर सीझन बुडाला म्हणून कुणाचं काही अडत नाही, क्लबवाले काहीही सांगोत.

मुलगी आता रेक लीगमध्ये खेळते, मैदान घरापासून दहा मिनिटांवर. जुन्या टीममधल्या दोघीही आल्यात.

तुमच्या मुलाला जायचंय तर एक वर्ष जाऊ द्या. घेतलेला सीझन मात्र पुरा करायचा, कारण टीममधली बाकीची मुलं त्याच्यावर अवलंबून असतात. पहिला हप्ता भरायच्या आधी त्याला एवढं सांगा की ‘पुढच्या वर्षी नको’ म्हणालास तर घरात कुणी पैशांचा हिशेब काढणार नाही. आणि मग जेवायला बसल्यावर तो खरंच काढू नका. आमच्या मुलीनं तिथेच ऐकला होता.